सिग्नलबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न: लाल दिवा आला कुठून आणि चालणाऱ्याला सेकंद किती

शाळा, सोसायट्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये मी रस्ता ओलांडण्याविषयी बोलायला जाते. बोलणं आटोपलं की प्रश्न सुरू होतात आणि त्यांतले निम्मे तरी सिग्नलपाशी येऊन थांबतात. तेच प्रश्न, जरा सविस्तर उत्तरांसह, इथे लिहून ठेवले आहेत. मी चालणाऱ्यांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

जगातला पहिला सिग्नल कुठे उभा राहिला?

लंडनमध्ये, ब्रिटिश पार्लमेंटच्या दारात, डिसेंबर १८६८ मध्ये. तेव्हा रस्त्यावर मोटारी नव्हत्याच. गर्दी होती ती घोडागाड्यांची, आणि तिच्यातून पायी रस्ता ओलांडणं जिवावर बेतत होतं. जॉन पीक नाइट हे रेल्वेतले गृहस्थ. रेल्वेत हात वर-खाली करणारे सिग्नलचे खांब असतात, तसाच एक खांब रस्त्यावर उभारावा, ही त्यांची कल्पना. दिवसा खांबाचे हात आडवे झाले की गाड्यांनी थांबायचं, तिरके खाली आले की सावकाश पुढे जायचं. रात्री हात दिसत नाहीत म्हणून वर गॅसचा दिवा, त्याला लाल आणि हिरव्या काचा. खालचा दांडा फिरवायला एक पोलीस कायम उभा.

जानेवारी १८६९ मध्ये गॅस गळून दिव्याचा स्फोट झाला आणि ड्युटीवरचा पोलीस भाजला. महिनाभराचं आयुष्य मिळालेला तो प्रयोग मग गुंडाळला गेला. लंडनमध्ये पुढचा सिग्नल आला थेट १९२६ मध्ये, पिकाडिली भागात. मधली ५७ वर्षं पोलिसांच्या हातावर निभावली.

या गोष्टीतली एक बाब माझ्या फार जवळची आहे. पहिला सिग्नल गाड्या लवकर सुटाव्यात म्हणून बसवलेला नव्हता. पायी चालणाऱ्यांना सुखरूप पलीकडे जाता यावं, म्हणून तो बसवला होता.

मग आजच्यासारखा विजेचा सिग्नल कोणी शोधला?

एकाच माणसाचं नाव सांगता येत नाही. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये लेस्टर वायर नावाच्या पोलिसाने लाकडी खोका करून खांबावर चढवला. पक्ष्यांसाठी झाडाला घरटी टांगतात, साधारण त्या आकाराचा. आत लाल आणि हिरवे दिवे, वीज ट्रामच्या तारेवरून घेतलेली. ५ ऑगस्ट १९१४ रोजी क्लीव्हलँड शहरात युक्लिड अव्हेन्यू आणि १०५ व्या रस्त्याच्या चौकात विजेचा सिग्नल सुरू झाला. दिवे चारही कोपऱ्यांवर, बटणं मात्र बाजूच्या केबिनमध्ये बसलेल्या पोलिसाच्या हाताखाली. रंग बदलण्याआधी घंटा वाजायची, कारण पिवळा अजून आलेला नव्हता.

पिवळा आला डेट्रॉइटमध्ये, १९२० मध्ये. तिथले पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी रेल्वेच्या सिग्नलचे दिवे वापरून चारही दिशांना तीन-तीन रंग दाखवणारा सिग्नल बनवला. आपल्या चौकातल्या सिग्नलचा थेट पूर्वज हाच.

शाळांमध्ये हटकून नाव निघतं ते गॅरेट मॉर्गन यांचं. क्लीव्हलँडमधल्या या कृष्णवर्णीय संशोधकाला नोव्हेंबर १९२३ मध्ये सिग्नलचं पेटंट मिळालं. तीन रंगांचे दिवे त्यांनी शोधले असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं, ते बरोबर नाही. त्यांच्या खांबाला हात होते. पण त्या हातांची एक स्थिती अशी होती की चारही बाजूंच्या गाड्या एकदमच थांबायच्या, आणि तेवढ्या वेळात चालणाऱ्यांनी रस्ता ओलांडायचा. आपल्याकडच्या कितीतरी चौकांना आजही हा सर्वांना लाल देणारा टप्पा मिळालेला नाही.

लाल म्हणजे थांबा हे कसं ठरलं? लाल लांबून दिसतो म्हणून ना?

हे उत्तर मीही शाळेत पाठ केलं होतं. लाल प्रकाशाची तरंगलांबी जास्त, तो हवेत कमी विखुरतो, म्हणून लांबवर पोचतो. यातलं भौतिकशास्त्र खरं आहे, पण धुक्यात ते फारसं कामी येत नाही. धुक्याचे थेंब तुलनेने इतके मोठे असतात की सगळे रंग सारखेच विखुरतात. शिवाय रंग ठरवणाऱ्यांनी तरंगलांबी मोजलेली नव्हती. रक्त आणि आग यांचा रंग तो धोक्याचा रंग, हे माणसाच्या मनात फार पूर्वीपासून होतं. रेल्वेने तेच उचललं आणि रस्त्याने ते रेल्वेकडून घेतलं.

हिरव्याचा प्रवास जास्त गमतीचा. सुरुवातीला रेल्वेत लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून आणि पांढरा म्हणजे खुशाल जा, असा क्रम होता. पण लाल काच फुटून पडली की आतला नुसता दिवा पांढराच दिसायचा, म्हणजे थांबा होतं तिथे जा दिसायचं. लांबच्या घरातला कंदील किंवा एखादा ठळक तारा बघूनही ड्रायव्हर फसायचा. शेवटी पांढरा काढून टाकला, हिरव्याला बढती देऊन जा केलं आणि जपून जाण्यासाठी पिवळा आणला.

लाल नेहमी वरच का असतो?

ज्यांना लाल-हिरवा फरक कळत नाही, ते जागेवरून ओळखतात. वरचा पेटला की थांबायचं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, म्हणजे हा थोडक्या लोकांचा प्रश्न नव्हे. याच कारणासाठी सिग्नलचा हिरवाही पूर्ण हिरवा नसतो, त्यात निळ्याची झाक असते. आज घरी जाताना नीट बघा.

कॅनडातल्या क्विबेक प्रांताने आणखी पुढचा विचार केला. तिथे अनेक सिग्नल आडवे असतात आणि दिव्यांचे आकारही वेगळे असतात: लाल चौकोनी, पिवळा हिऱ्याच्या आकाराचा, हिरवा गोल. रंग अजिबात कळला नाही तरी आकार कळतो. मला ही व्यवस्था फार आवडते.

लाल वर असण्याला जगात एक प्रसिद्ध अपवाद आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात टिपररी हिल ही आयरिश लोकांची जुनी वस्ती. १९२० च्या दशकात तिथे सिग्नल बसला आणि पोरांनी दगड मारून लाल काच फोडायला सुरुवात केली. ब्रिटिशांचा लाल हा आयरिश हिरव्याच्या डोक्यावर बसलेला त्यांना सहन होईना. काच बदलली की पुन्हा दगड. अखेर नगरपालिकेने हिरवा वर आणि लाल खाली केला. तो सिग्नल आजही तसाच उलटा आहे, आणि कोपऱ्यावर गलोल बाळगणाऱ्या मुलासह एका आयरिश कुटुंबाचा पुतळा आहे.

पिवळा पडला की वेग वाढवायचा की ब्रेक मारायचा?

थांबता येत असेल तर थांबायचं. पिवळा म्हणजे घाई करा असा अर्थ जगात कुठल्याही नियमपुस्तकात नाही.

पण थांबता येणं म्हणजे काय, हे आकड्यांत बघू. तुम्ही ताशी ५० किलोमीटरने चालला आहात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. पिवळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण १ सेकंद जातो, म्हणजे १४ मीटर गेलेच. त्यानंतर बेताचा ब्रेक लावून गाडी थांबायला आणखी ३२ मीटर लागतात. एकूण ४६ मीटर. स्टॉप लाइन याहून लांब असेल तर थांबणं तुमच्या हातात आहे. जवळ असेल तर कचकन ब्रेक मारण्यापेक्षा त्याच वेगाने निघून जाणं बरं. हे ४६ मीटर ताशी ५० च्या वेगाने कापायला सुमारे ३.३ सेकंद लागतात. पिवळा ३ सेकंदांच्या आसपास ठेवतात तो याच हिशेबाने. रस्त्यावरचा वेग जास्त, तर पिवळाही लांब हवा.

या हिशेबाचा पाया १९६० च्या सुमारास अमेरिकेत डेनोस गाझिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. त्यात एक उणीव राहून गेली होती, आणि ती शोधणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मॅट्स यर्लस्ट्रॉम हे मूळचे स्वीडनचे, राहायला ओरेगॉन राज्यातल्या बीव्हर्टनमध्ये. २०१३ मध्ये त्यांच्या पत्नीला सिग्नलच्या कॅमेऱ्यावरून दंड झाला. यर्लस्ट्रॉम यांनी पिवळ्याचं गणित मांडून पाहिलं. सूत्र सरळ जाणाऱ्या गाडीसाठी बरोबर होतं, पण वळणारी गाडी चौकात शिरण्याआधी वेग कमी करते, तिला जास्त वेळ लागतो आणि ती लालमध्ये सापडते. हे त्यांनी लिहून कळवलं, तर परवाना नसताना इंजिनिअर म्हणवून घेतल्याबद्दल राज्याच्या मंडळाने त्यांनाच ५०० डॉलर दंड केला. ते कोर्टात गेले आणि डिसेंबर २०१८ मध्ये जिंकले. २०२० मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने वळणाऱ्या गाड्यांसाठी सुधारित सूत्र स्वीकारलं. सिग्नलचे आकडे देवाने दिलेले नसतात, ते मोजून बदलता येतात, हे मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं.

लाल असताना डावीकडे वळलं तर चालतं का?

फ्री लेफ्टची पाटी किंवा डावीकडचा हिरवा बाण असेल तिथे चालतं. नसेल तिथे लाल म्हणजे लाल. आणि पाटी असली तरी झेब्रावर पाऊल ठेवलेल्या माणसाचा हक्क पहिला. डावी मोकळी असली की गाड्यांचा ओघ तुटतच नाही आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाला कुठलाच सिग्नल उरत नाही. आमच्या भागातल्या ज्येष्ठांची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

अमेरिकेत याची आरशातली प्रतिमा दिसते. तिथे गाड्या उजवीकडून चालतात आणि लाल असतानाही पूर्ण थांबून, बघून, उजवीकडे वळता येतं. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईत पेट्रोल वाचावं म्हणून ही सवलत देशभर पसरली. न्यूयॉर्क शहरात मात्र पाटी असल्याशिवाय वळता येत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी नदी ओलांडून मॅनहॅटनमध्ये गाडी घातली की हे ध्यानात ठेवावं.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ काय?

आपल्याकडे ब्लिंकरवर टाकलेला पिवळा म्हणजे वेग कमी करा, बघा, जपून पुढे जा. लुकलुकणारा लाल म्हणजे पूर्ण थांबा आणि मोकळं असेल तरच जा. रात्री उशिरा बरेच चौक ब्लिंकरवर जातात. तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक रस्ता आपलाच समजून येतात, म्हणून मला ती वेळ सगळ्यात धोक्याची वाटते.

लुकलुकता हिरवा आपल्याकडे नाही, पण बाहेर जाणाऱ्यांनी माहिती करून घ्यावी. ऑस्ट्रियात हिरवा चार वेळा लुकलुकला की पिवळा येणार. कॅनडात (तिथेही गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे डावीकडे वळताना समोरची वाहतूक कापावी लागते) तर दोन प्रांतांत दोन अर्थ आहेत. ओंटारियोत लुकलुकता हिरवा म्हणजे समोरची वाहतूक थांबलेली आहे, खुशाल डावीकडे वळा. ब्रिटिश कोलंबियात तोच दिवा सांगतो की हा सिग्नल चालणाऱ्याने बटण दाबल्यावर बदलतो, समोरून गाड्या येत असतील, सांभाळा. टोरांटोची सवय घेऊन व्हँकुव्हरला गेलात तर थेट समोरच्या गाडीपुढे वळाल.

आणखी कुठे काय वेगळं आहे?

जपानमध्ये हिरव्या सिग्नलला निळा म्हणतात. आओ या जपानी शब्दात पूर्वी निळा आणि हिरवा दोन्ही यायचे. टोकियोत १९३० मध्ये पहिला सिग्नल लागला तेव्हा नियमात हिरवा हाच शब्द होता, पण लोकांच्या तोंडी आओ बसला आणि १९४७ मध्ये कायद्यानेही तोच घेतला. पुढे १९७३ मध्ये सरकारने ठरवलं की दिवा हिरवाच राहील, पण हिरव्यातली जास्तीत जास्त निळसर छटा वापरायची. लोकांच्या भाषेसाठी सरकारने दिव्याचा रंग जरा सरकवला!

ब्रिटन आणि जर्मनीत हिरव्याच्या आधी लाल आणि पिवळा एकत्र पेटतात, गिअर टाकून तयार राहायला. आपल्याकडे पलीकडच्या रस्त्याचा पिवळा बघून लोक हेच अंदाजाने करतात आणि स्टॉप लाइन सोडून चार फूट पुढे येतात. दक्षिण आफ्रिकेत सिग्नलला रोबोट म्हणतात. पत्ता विचारला आणि पुढच्या रोबोटला डावीकडे वळा असं उत्तर आलं तर दचकू नका.

आपली भाषाही या बाबतीत खास आहे. मराठीत सिग्नल लागतो आणि सुटतो. शाळा सुटते तसा सुटतो. लाल आणि हिरवा हे शब्द न उच्चारता आपण सगळं बोलतो.

चालणाऱ्याच्या सिग्नलमधला तो माणूस कोण आहे?

बर्लिनमधल्याला तरी नाव आहे: आम्पेलमन, म्हणजे सिग्नलमधला माणूस. पूर्व जर्मनीतले वाहतूक मानसशास्त्रज्ञ कार्ल पेग्लाउ यांनी १९६१ मध्ये तो मांडला. डोक्यावर हॅट, मोठं डोकं, आणि हिरव्यात लांब टांग टाकून निघालेला. मुलांना आणि म्हाताऱ्यांना तो चटकन कळावा आणि आवडावा, हा हेतू होता. हात पसरून उभ्या असलेल्या लाल माणसाचा प्रकाशणारा भाग मोठा होतो, त्यामुळे तो लांबूनही ठसतो. जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडचे हे दिवे काढायला सुरुवात झाली, तेव्हा लोकांनी विरोध केला. आम्पेलमन वाचला, इतकंच नाही तर पश्चिम बर्लिनच्या सिग्नलवरही जाऊन बसला.

तैपेई शहरात १९९९ पासून हिरवा माणूस खरंच चालतो आणि वेळ संपत आली की पळू लागतो. आपल्या दादर-शिवाजी पार्क परिसरात २०२० मध्ये बऱ्याच सिग्नलवर पुरुषाऐवजी बाईची आकृती आली. त्या वर्षी मी भाचीला मुद्दाम तिथे घेऊन गेले होते. ती तीन सिग्नल होईपर्यंत रस्ता न ओलांडता नुसती बघत राहिली, आणि मग म्हणाली, मावशी, हिने फ्रॉक घातलाय.

उलटे आकडे दाखवणारा टायमर चांगला की वाईट?

कल्पना जुनी आहे. १९३० च्या दशकात मेलबर्नमध्ये चार्ल्स मार्शल यांनी मार्शलाइट नावाचा सिग्नल काढला. मोठ्या घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे आणि वरून फिरणारा काटा. काटा बघितला की किती वेळ उरला ते लांबूनही दिसायचं. १९७० च्या दशकापर्यंत ते वापरात होते.

टायमरमुळे इंजिन बंद करावं की नाही हे ठरवता येतं. दिल्लीत २०२० मध्ये लाल असताना गाडी बंद करा अशी मोहीमही झाली होती. चालणाऱ्याला तर टायमर हवाच, आपल्याच्याने होईल का हे आधी कळतं. पण गाड्यांच्या बाजूने ३, २, १ दिसायला लागलं की लोक हिरव्याची वाटच बघत नाहीत, आणि शेवटच्या दोन सेकंदांत अजून कोणीतरी झेब्रावर असतं. म्हणून माझं मत असं, की टायमर चालणाऱ्यांसाठी सगळीकडे असावा, गाड्यांसाठी विचार करून.

कोणत्या बाजूला किती वेळ द्यायचा, हे कोण ठरवतं?

आधी गणित, मग माणूस. एका लेनमधून हिरव्यात साधारण दर २ सेकंदांना एक मोटार सुटते. प्रत्येक वेळी रंग बदलताना काही सेकंद कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत: पहिली गाडी हलायला लागणारा वेळ, पिवळा, आणि चौक रिकामा होईपर्यंत सगळ्यांना लाल. सायकल, म्हणजे सगळ्या बाजूंची एक फेरी, फार छोटी ठेवली तर हा वाया जाणारा वेळ वाढतो. फार मोठी ठेवली तर रांगा लांबतात. यातला मध्य काढण्याचं सूत्र ब्रिटनमधल्या एफ. व्ही. वेब्स्टर यांनी १९५८ मध्ये दिलं आणि ते आजही शिकवतात.

त्यापुढची पायरी म्हणजे गाड्या मोजून स्वतःच वेळ बदलणारा सिग्नल. डांबराखाली तारेचं वेटोळं पुरतात, वरून धातूची गाडी गेली की ते कळतं. सिडनीची स्कॅट्स आणि ब्रिटनची स्कूट या १९७० च्या दशकात घडत गेलेल्या प्रणाली असंच मोजून अनेक चौकांचं गणित एकत्र जुळवतात. आपल्याकडे आता कॅमेऱ्यांवर भर आहे.

मोजणारी यंत्रं कोणतीही असोत, ती बहुतेक गाड्या मोजतात. कडेला उभी असलेली माणसं त्यांच्या हिशेबात क्वचितच येतात.

खांबावरचं बटण दाबून खरंच काही होतं का?

चालू असेल तर होतं. न्यूयॉर्कमधली बहुतेक बटणं संगणकीय नियंत्रण आल्यावर निकामी करून तशीच खांबावर ठेवली होती, हे २००४ मध्ये उघड झालं. लोक वर्षानुवर्षं ती दाबत होते.

ब्रिटनमध्ये गेलात तर बटणाच्या डब्याखाली हात घालून बघा. बऱ्याच ठिकाणी बोटाच्या पेराएवढी खाचा असलेली शंकूसारखी कळ लागते. चालणाऱ्याला हिरवा मिळाला की ती गोल फिरते. दृष्टी नसलेली व्यक्ती तिच्यावर बोट ठेवून उभी राहते, कोणाला काही विचारावं लागत नाही. जपानमध्ये हेच काम आवाज करतात. एका दिशेला कोकिळेसारखी कुकू, दुसऱ्या दिशेला पिलाची चिवचिव.

सिग्नलच नाहीत असं एखादं शहर आहे का?

भूतानची राजधानी थिंफू. तिथे एकदा सिग्नल बसवला होता, पण लोकांना तो रुचला नाही आणि काढून टाकला. आजही मुख्य चौकातल्या रंगीत छत्रीत पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हातवारे करतो. राजस्थानातल्या कोटा शहराने भुयारी मार्ग आणि उड्डाणपूल बांधून सिग्नल हटवले. गाड्या थांबत नाहीत हे खरं, पण अशा न थांबणाऱ्या रस्त्यावर पायी माणसाला फट कुठे मिळते, हा माझा प्रश्न आहे. नेदरलँड्समधल्या ड्राख्टन गावात हान्स मॉन्डरमन या अभियंत्याने सिग्नल काढले ते उलट विचाराने. रस्ता असा आखला की गाडीवाल्याला वेग घेताच येऊ नये आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघावंच लागावं.

मुंबईत हॉर्न वाजवला की सिग्नल लांबायचा, हे खरं का?

खरं. २०१९ च्या अखेरीस मुंबई वाहतूक पोलिसांनी काही चौकांत सिग्नलला आवाजमापक जोडून पाहिले. लाल असताना आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू. जानेवारी २०२० च्या शेवटी त्याचा व्हिडिओ देशभर फिरला.

उन्हाळ्यात नागपूरचे सिग्नल दुपारी बंद का ठेवतात?

पारा ४५ च्या आसपास असताना दुचाकीवर दीड-दोन मिनिटं उन्हात उभं राहणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. म्हणून नागपुरात कडक उन्हाच्या दिवसांत दुपारचे काही तास कमी रहदारीचे सिग्नल बंद करण्याचा किंवा वेळ घटवण्याचा मार्ग वापरतात. काही शहरांत थांबण्याच्या जागेवर हिरवी जाळी टाकतात. डोक्यावर सावली देणारी ती जाळी मला जास्त पटते, कारण सिग्नल बंद झाला की रस्ता ओलांडणारा उन्हातच अडकतो.

सिग्नल तोडल्यास शिक्षा किती?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने लाल सिग्नल तोडणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं आहे. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. अँब्युलन्सला वाट न दिल्यास कलम १९४-ई खाली १०,००० रुपये दंड होऊ शकतो.

सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी कोणी काही करतं का?

ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते. समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था आणि ठाणे महापालिका यांनी मिळून ती सुरू केली. मुलं जिथे राहतात आणि विकतात, तिथेच वर्ग नेला. मोठ्या शाळेत जा असं सांगून ती येत नव्हती, शाळाच सिग्नलला आली तेव्हा ती येऊन बसली.

आमच्या चौकात चालणाऱ्यांना वेळ पुरत नाही. काय करता येईल?

हा प्रश्न शेवटी ठेवला, कारण तो मी स्वतः विचारलेला आहे.

चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायचा, असा हिशेब अनेक देशांत वर्षानुवर्षं वापरला गेला. अमेरिकेने २००९ मध्ये तो सुमारे १.०७ पर्यंत खाली आणला, कारण वयस्कर माणसं तेवढं चालत नाहीत. सिंगापूरमध्ये २००९ पासून असे सिग्नल आहेत की ज्येष्ठांनी आणि अपंगांनी आपलं कार्ड खांबाला लावलं की हिरव्या माणसाला ३ ते १३ सेकंद वाढवून मिळतात. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे.

आमच्या घराजवळचा रस्ता १८ मीटर रुंद. हिरवा माणूस १४ सेकंद. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. एका रविवारी सकाळी रहदारी नसताना मी मोबाइलवर वेळ लावून तिला पलीकडे चालवलं. २४ सेकंद. म्हणजे सेकंदाला पाऊण मीटर. चौदाव्या सेकंदाला ती दुभाजकाच्या जरा पुढे होती, आणि तिथून तिने घाबरून माझा दंड धरला. बाजूला गाडी नव्हती तरी.

तुम्हीही असंच करा. टेपने रुंदी मोजा, अगदी फूटपाथच्या कडेपासून कडेपर्यंत. हिरवा माणूस किती सेकंद राहतो ते सकाळी, दुपारी, संध्याकाळी तीनदा मोजा, कारण वेळेप्रमाणे तो बदललेला असू शकतो. मग पाच-सहा ज्येष्ठांना चालवून त्यांचे सेकंद लिहा. हा तक्ता जोडून एक अर्ज वाहतूक पोलिसांच्या विभागाला आणि एक महापालिकेच्या संबंधित खात्याला द्या, पोच घ्या. वेळ पुरत नाही असं नुसतं लिहिलं की उत्तर येत नाही. किती मीटर, किती सेकंद हे लिहिलं की निदान कोणीतरी येऊन उभं राहतं.

माझ्या पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्या अर्जानंतर दोन माणसं आली, स्टॉपवॉच घेऊन. मी त्यांना आईसोबत एकदा चालायला सांगितलं, आणि ते चालले. आता तिथे २२ सेकंद आहेत. आईला अजून २ कमी पडतात, पण दुभाजकावर थांबायला एक उंचवटा मिळाला आहे. पुढच्या अर्जात मी ते २ मागितले आहेत.